मिलिग्रॅम ते मिली: लहान मुलांना आणि गरोदर बायकांना औषध देताना सिस्टरने पाळायचा क्रम

नव्या सिस्टर वॉर्डात येतात तेव्हा औषधांची नावं त्यांना पाठ असतात, डोसही तोंडावर असतात. हात चुकतो तो ऑर्डरमधल्या मिलिग्रॅमचे सिरिंजमधले मिली करताना. दुसरी धोक्याची जागा लेबर रूम. तिथे आईचं औषध आणि बाळाचं औषध पाच मिनिटांच्या आत एकाच टेबलावर येतं. मोठ्या माणसाचं शरीर थोडी चूक पोटात घालतं, तीन किलोचं बाळ घालत नाही.

हा लेख बालरोग वॉर्ड, लेबर रूम आणि एएनसी ओपीडीत (गरोदर बायकांच्या तपासणीच्या ओपीडीत) काम करणाऱ्या सिस्टर-ब्रदर आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. इथले आकडे गणित समजावं म्हणून दिले आहेत. पेशंटला औषध देताना डॉक्टरांची लेखी ऑर्डर आणि तुमच्या वॉर्डातला प्रोटोकॉल हाच आधार धरा. क्रम मात्र मोडू नका. घाईत नेमकी तीच पायरी गळते जी त्या दिवशी लागणार असते.

टप्पा १: ट्रॉलीला हात लावण्याआधी

१. बाळाचं वजन आज करा. काटा शून्यावर आणा, बाळाचे कपडे काढा आणि वजन किलोमध्ये केसपेपरच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. "मागच्या महिन्यात लसीच्या वेळी सहा किलो होतं" हे आईचं उत्तर डोससाठी चालत नाही. नवजात बाळाचं वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं असेल तर शेजारी किलोही लिहा. २४०० ग्रॅमचं बाळ घाईत २४ किलोचं होऊ शकतं.

२. अ‍ॅलर्जी विचारताना तो शब्द वापरू नका, निम्म्या बायका मान हलवून "नाही" म्हणतात. "कुठलं औषध किंवा इंजेक्शन घेतल्यावर अंगावर पित्त उठलं होतं का, श्वास लागला होता का?" असं विचारा.

३. घरून काय देऊन आणलंय ते विचारा. तापाचं सिरप सकाळी दिलं होतं का, किती वाजता, कोणतं? मेडिकलमधून खोकल्याचं औषध आणलंय का? बाळघुटी चालू आहे का? आजी सोबत असतील तर प्रश्न त्यांनाच करा, कारण औषध बहुतेक वेळा त्यांच्याच हातचं असतं.

४. बाई गरोदर असेल तर किती आठवडे झाले, बीपी किती, दमा आहे का आणि रक्तगट आरएच निगेटिव्ह आहे का, या चार गोष्टी लिहून ठेवा. पुढे प्रत्येकीचा उपयोग होणार आहे. बाई दुसऱ्याच कारणाने आली असली, तरी मूल होण्याच्या वयातली असेल तर "शेवटची पाळी कधी आली?" हा प्रश्न चुकवू नका.

तपासा: वजन आजचं आहे का? ते किलोतच लिहिलंय ना?

टप्पा २: ऑर्डर वाचा, अंदाज बांधू नका

मुलांच्या ऑर्डरमध्ये मिलिग्रॅम, मार्ग आणि वेळ या तिन्ही गोष्टी हव्यात. "पॅरासिटामॉल १ चमचा" ही ऑर्डर अपुरी आहे, का ते पुढच्या टप्प्यात कळेल. अपुरी ऑर्डर दिसली की डॉक्टरांना फोन करा, यात कमीपणा नाही.

दोन जागी फार घोळ होतो. पहिली म्हणजे दिवसाचा डोस आणि एका वेळचा डोस. अमॉक्सिसिलिन दिवसाला प्रति किलो ४० मिग्रॅ, दोन वेळा विभागून, अशी ऑर्डर असेल तर १० किलोच्या मुलाला दिवसभरात ४०० मिग्रॅ, म्हणजे एका वेळी २०० मिग्रॅ द्यायचं. "विभागून" हा शब्द डोळ्यांनी गाळला की मुलाला दुप्पट औषध जातं.

दुसरी जागा दशांश चिन्हाची. अर्धा लिहायचा असेल तर ०.५ लिहा, नुसतं .५ लिहू नका, कारण टिंब पुसट झालं की ५ होतात. पाच लिहायचे असतील तर नुसते ५ लिहा. ५.० लिहिलंत तर कुणीतरी ५० वाचेल. मुलांमध्ये दहापट चूक होते ती याच टिंबामुळे. मायक्रोग्रॅम हा शब्दही पूर्ण लिहा.

फोनवर ऑर्डर मिळाली तर आधी लिहून घ्या आणि मग लिहिलेलं वाचून दाखवा. "पंधरा, एक-पाच" असे आकडे सुटे करून बोला, कारण फोनवर पन्नास आणि पंचावन्नसुद्धा सारखे ऐकू येतात. नंतर त्यावर डॉक्टरांची सही घ्या.

टप्पा ३: गणित कागदावर करा

सूत्र एकच आहे. हवे असलेले मिलिग्रॅम भागिले बाटलीतले मिलिग्रॅम, गुणिले ते जितक्या मिलीत आहेत तितके मिली.

तापाचंच औषध घेऊ. बाळ ८ किलोचं आहे. पॅरासिटामॉल प्रति किलो १५ मिग्रॅ एका वेळी, म्हणजे १२० मिग्रॅ. आता कपाटात तीन बाटल्या आहेत:

५ मिलीत १२० मिग्रॅचं सिरप असेल तर ५ मिली लागेल.
५ मिलीत २५० मिग्रॅचं सिरप असेल तर २.४ मिली लागेल.
ड्रॉप्स असतील, म्हणजे १ मिलीत १०० मिग्रॅ, तर १.२ मिली लागेल.

नाव तेच, चवही बरीचशी तीच. "एक चमचा" म्हणून ड्रॉप्सच्या बाटलीतून ५ मिली दिले तर बाळाच्या पोटात एका दमात ५०० मिग्रॅ गेले. प्रति किलो ६० मिग्रॅ ही दिवसभराची मर्यादा धरली, तर ८ किलोच्या बाळाची ती मर्यादा ४८० मिग्रॅ आहे. ती एका चमच्यात ओलांडली जाते.

इंजेक्शनचंही तसंच. अमिकासिनची २ मिलीची वायल १०० मिग्रॅची येते, २५० ची येते आणि ५०० ची पण येते. ४ किलोच्या बाळाला प्रति किलो १५ मिग्रॅ म्हणजे ६० मिग्रॅ हवं. १०० च्या वायलमधून ते १.२ मिली होतं, ५०० च्या वायलमधून ०.२४ मिली. वायल ५०० ची आणि गणित १०० चं झालं तर बाळाला ३०० मिग्रॅ जातं, आणि या औषधाचा मारा कानावर आणि किडनीवर होतो.

म्हणून गणित दरवेळी हातातल्या वायलवर वाचून करा, कालच्या चार्टवरून मिली उचलू नका. काल फार्मसीतून वेगळ्या ताकदीची वायल आली असेल.

सावधान: इन्सुलिनच्या सिरिंजवर मिली नसतात, युनिट असतात. आपल्याकडे ४० ची आणि १०० ची अशा दोन सिरिंज मिळतात. १ मिलीत ४० युनिट असलेल्या इन्सुलिनला ४० चीच सिरिंज लागते. इन्सुलिनची सिरिंज दुसऱ्या औषधाचे छोटे डोस मोजायला वापरू नका. त्यासाठी १ मिलीची साधी सिरिंज घ्या.

तपासा: उत्तर पाहून स्वतःला विचारा, एवढ्याशा बाळाला इतके मिली पटतात का? एका डोससाठी दोन वायल फोडाव्या लागत असतील तर थांबा. मुलांमध्ये हे सहसा गणित चुकल्याचं लक्षण असतं.

टप्पा ४: भरणं, पातळ करणं, लेबल

१. एका वेळी एकाच पेशंटचं औषध भरा. सकाळी सात बाळांचे सात डोस एकदम भरून ट्रेमध्ये रांगेने ठेवणं सोयीचं वाटतं, पण औषधांची अदलाबदल तिथेच होते.

२. ड्राय सिरप तयार करताना आधी बाटली आपटून पूड मोकळी करा. उकळून गार केलेलं पाणी खुणेच्या थोडं खाली घाला, हलवा, फेस बसू द्या आणि मग खुणेपर्यंत भरा. फेसासकट खूण गाठली तर औषध घट्ट राहतं आणि प्रत्येक डोस जास्त जातो. तयार केल्याची तारीख बाटलीवर लिहा. अमॉक्सिसिलिनसारखी सिरपं साधारण ७ दिवसांत टाकून द्यायची असतात.

३. सिरिंज भरली की लगेच लेबल लावा. औषध, मात्रा, बाळाचं नाव, वेळ. तोंडाने द्यायचं औषध इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये भरावं लागलं तर सुई काढून टाका, "तोंडाने" अशी पट्टी लावा आणि ती सिरिंज आयव्ही ट्रेपासून लांब ठेवा. सिरप शिरेत गेल्यावर काहीच हातात राहत नाही.

४. काय कशात मिसळायचं नाही हे कपाटाच्या दारावर आतून चिकटवा. फेनिटॉइन डेक्स्ट्रोजमध्ये घातलं तर त्याचे कण तयार होतात, त्याला नॉर्मल सलाईनच लागतं. सेफ्ट्रायॅक्सोन कॅल्शियम असलेल्या द्रवाबरोबर, म्हणजे रिंगर लॅक्टेटबरोबरही, एकत्र चालत नाही. २८ दिवसांच्या आतल्या बाळाला शिरेतून कॅल्शियम चालू असेल किंवा लागणार असेल तर सेफ्ट्रायॅक्सोन देऊ नये. अशी ऑर्डर दिसली तर देण्याआधी डॉक्टरांशी बोला.

५. पोटॅशियम क्लोराइड बाकीच्या अँप्यूलमध्ये ठेवू नका. १५ टक्क्यांच्या १० मिलीच्या अँप्यूलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. ते पातळ न करता शिरेत गेलं तर हृदय थांबतं. वेगळा डबा, लाल पट्टी आणि कुलूप.

टप्पा ५: दुसरी नजर

इन्सुलिन, पोटॅशियम, मॅग्नेशियम सल्फेट, ऑक्सिटोसिन, हेपॅरिन, आकडीची इंजेक्शनं आणि नवजात बाळाचा कुठलाही डोस दुसऱ्या सिस्टरला दाखवल्याशिवाय देऊ नका. दाखवायचं कसं, तर "१.२ आहे ना बघ" असं म्हणू नका, आकडा आधीच कानावर पडला की समोरची मान डोलावते. तिला ऑर्डर, वजन आणि वायल द्या आणि तिचं गणित तिला स्वतःला करू द्या. दोन उत्तरं जुळली तरच पुढे जा.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी रात्रपाळीत मी अमिकासिनचे १.२ मिली भरले होते. गणित बरोबर होतं, पण वायल होती ५०० ची. सोबतच्या सिस्टरांनी सिरिंजकडे पाहिलंच नाही, "वायल कुठंय?" एवढंच विचारलं. मी ती कचऱ्याच्या डब्यातून उचलून त्यांच्या हातात दिली तेव्हा माझे हात थरथरत होते. तेव्हापासून रिकामी वायल मी डोस देऊन होईपर्यंत ट्रेमध्येच ठेवते. तुम्हीही ठेवा.

रात्री वॉर्डात एकटीच असाल तर गणित एकदा करा, कागद उलटा ठेवा, दुसरं एखादं काम करा आणि परत पहिल्यापासून करा. तरीही मनात शंका असेल तर ऑन-कॉल डॉक्टरांना उठवा.

टप्पा ६: बाळाला देताना

नाव बाळाच्या हातातल्या पट्टीवर वाचा आणि आईला विचारा, "बाळाचं आणि तुमचं पूर्ण नाव सांगा." "हा आरव ना?" असं विचारू नका, झोपेतली आई कशालाही "हो" म्हणते. नवजात बाळांच्या पट्टीवर आईचंच नाव असतं, तेव्हा एकाच नावाच्या दोन आया असल्या तर खाटेवर तसा इशारा लिहा.

तोंडाने देताना बाळाचं डोकं थोडं उंच ठेवा आणि औषध गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडा. नाक दाबून पाजायची सवय अजून घराघरात आहे, आणि त्यात औषध श्वासनलिकेत जातं. दुधाच्या बाटलीत औषध मिसळू नका, दूध उरलं की डोसही उरतो. बाळाने उलटी केली तर आपल्या मनाने पुन्हा डोस देऊ नका. किती वेळाने उलटी झाली ते लिहा आणि डॉक्टरांना विचारा.

स्नायूत इंजेक्शन द्यायचं असेल तर तान्ह्या बाळाला मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात द्या, ढुंगणावर नको, तिथे सायटिक नस असते.

सलाईन लावताना मायक्रोड्रिप सेटमध्ये ६० थेंबांचा १ मिली होतो, त्यामुळे तासाला जितके मिली, मिनिटाला तितकेच थेंब. ब्युरेटमध्ये, म्हणजे बाटलीखालच्या खुणांच्या छोट्या नळीत, एक-दोन तासांपुरतंच सलाईन सोडा. थेंब कुणाच्या हाताने सुटले, तरी आख्खी बाटली बाळात जाणार नाही.

टप्पा ७: लेबर रूम, एका वेळी दोन पेशंट

इथे थोडं थांबून वाचा. प्रसूतीनंतर रक्तस्राव थांबावा म्हणून आईला द्यायचं मेथर्जिन बाळाला व्हिटॅमिन के म्हणून टोचलं गेल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. त्याने बाळाला झटके येतात, श्वास थांबू शकतो. दोन्ही अँप्यूल छोट्या, दोन्ही स्नायूत द्यायच्या, आणि दोन्ही त्याच गडबडीच्या दहा मिनिटांत.

१. सरकारी लेबर रूममध्ये सात ट्रे वेगळे ठेवायची पद्धत आहे, त्यात बाळाचा ट्रे स्वतंत्र असतो. व्हिटॅमिन के त्याच ट्रेमध्ये, त्याच्या सिरिंजसकट ठेवा. आईचं एकही अँप्यूल त्या ट्रेमध्ये येता कामा नये. खासगी दवाखान्यात सात ट्रे नसले तरी हे दोन ट्रे वेगळे असलेच पाहिजेत.

२. व्हिटॅमिन के १ मिग्रॅ, बाळ १००० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर ०.५ मिग्रॅ. काही ठिकाणी १ मिलीत १० मिग्रॅचं मोठ्यांचं अँप्यूल येतं, त्यातून १ मिग्रॅ म्हणजे फक्त ०.१ मिली. लेबल वाचूनच भरा.

३. बाळ बाहेर आल्यावर ऑक्सिटोसिन देण्याआधी आईच्या पोटावर हात ठेवून दुसरं बाळ नाही ना ते पाहा. मग एका मिनिटाच्या आत १० युनिट स्नायूत. आपल्याकडे अँप्यूल ५ युनिटचं असतं, म्हणजे दोन लागतात, आणि एकच देऊन मोकळं होण्याची चूक सर्रास दिसते. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश सेल्सिअसला, फ्रिजमध्ये ठेवायचं. दिवसभर ट्रेमध्ये उन्हाळा खाल्लेलं अँप्यूल रक्तस्राव थांबवेल याचा भरवसा नाही.

४. मेथर्जिनआधी बीपी पाहा. बीपी वाढलेलं असेल तर ते द्यायचं नाही. कार्बोप्रोस्ट, म्हणजे रक्तस्राव थांबवायचं दुसरं इंजेक्शन, देण्याआधी दमा विचारा, दमा असेल तर नाही. टप्पा १ मधले प्रश्न इथे कामाला येतात.

५. झटके आलेल्या किंवा बीपी फार वाढलेल्या बाईला मॅग्नेशियम सल्फेट. ५० टक्क्यांच्या २ मिलीच्या अँप्यूलमध्ये १ ग्रॅम असतं. शिरेतून ४ ग्रॅम द्यायचं म्हणजे चार अँप्यूल, ८ मिली. त्यात १२ मिली नॉर्मल सलाईन घालून २० मिली करायचं आणि घड्याळ बघत सावकाश, किमान ५ मिनिटं लावून द्यायचं. मग दोन्ही ढुंगणांवर खोल स्नायूत ५-५ ग्रॅम, म्हणजे प्रत्येक बाजूला पाच अँप्यूल, १० मिली, सोबत २ टक्क्यांचं १ मिली लिग्नोकेन. अँप्यूल मोठ्याने मोजत फोडा आणि रिकामी रांगेत ठेवा. चार इकडे, पाच इकडे, पाच तिकडे, चौदा दिसलीच पाहिजेत. उपकेंद्रातून पुढे पाठवायच्या बाईला स्नायूतला १० ग्रॅमचा डोस देऊन मगच गाडीत बसवा.

पुढचा डोस दर ४ तासांनी ५ ग्रॅम, बाजू बदलून. प्रत्येक डोसआधी तीन गोष्टी तपासा: श्वास मिनिटाला १६ किंवा त्याहून जास्त, गुडघ्याखाली हलकं ठोकल्यावर पाय उडतोय, आणि गेल्या चार तासांत लघवी तासाला ३० मिलीपेक्षा कमी नाही. यातली एकही कमी पडली तर डोस थांबवा आणि डॉक्टरांना बोलवा. उताऱ्याचं औषध, १० टक्क्यांचं १० मिली कॅल्शियम ग्लुकोनेट, सिरिंजसकट उशाशी ठेवा, स्टोअरच्या कपाटात नको. बाळंतपण झालं की आईला मॅग्नेशियम दिलंय हे बाळाच्या डॉक्टरांना सांगा, बाळ ढिलं पडू शकतं.

६. मुदतीआधी कळा आल्या तर डेक्सामेथासोन ६ मिग्रॅ, दर १२ तासांनी, एकूण चार डोस. २ मिलीच्या वायलमध्ये ८ मिग्रॅ असतं, म्हणजे १.५ मिली. सवयीने आख्खी वायल खेचू नका.

टप्पा ८: एएनसी ओपीडीत काय विचारायचं

"औषधं चालू आहेत का?" विचारलं की "नाही" येतं. बीपीची गोळी, थायरॉइडची गोळी ही रोजची, तिला कुणी औषध म्हणत नाही. सासरी एक डॉक्टर आणि सातव्या महिन्यानंतर माहेरी दुसरा, त्यामुळे फाइलही दोन. म्हणून "घरातल्या सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून आणा, ताई" असं सांगा आणि एक-एक स्ट्रिप हातात घेऊन वाचा.

टेल्मिसार्टन, एनालाप्रिल, रॅमिप्रिल, व्हॅल्प्रोएट, वॉरफॅरिन, मेथोट्रेक्सेट, डॉक्सीसायक्लिन, पिंपल्ससाठीचं आयसोट्रेटिनॉइन, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी, बाई ओपीडीतून जाण्याआधी, डॉक्टरांसमोर ठेवा. कंबरदुखीसाठी आणलेलं डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनही, विशेषतः २० आठवड्यांनंतर. पण "बंद करा" हे आपण सांगायचं नाही. फिटची गोळी अचानक सुटली तर आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो. थायरॉइडची गोळी "गरोदरपणात नको" म्हणून घरच्यांनी बंद केलेली असते, तेही विचारून घ्या.

लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी, ६० मिग्रॅ लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड, रोज एक, पहिल्या तीन महिन्यांनंतर १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. चहाबरोबर नको. कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास लांब. शी काळी होईल हे आधीच सांगितलं नाही तर चौथ्या दिवशी गोळ्या डब्यात बंद होतात. जंताची गोळी, अल्बेंडाझोल, पहिले तीन महिने संपल्यावरच.

आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर आईला अँटी-डीचं इंजेक्शन बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत. सुटी देताना हे राहून गेलंय का, ते तुम्हीच बघा.

टप्पा ९: दिल्यानंतर

औषध दिल्यावरच सही करा, आधी नको. वेळ खरी लिहा. आठचा डोस पावणेदहाला दिला तर पावणेदहा लिहा, नाहीतर पुढची सिस्टर पुढचा डोस लवकर देईल.

पहिल्यांदा दिलेल्या इंजेक्शननंतर अर्धा तास लक्ष ठेवा. अंगावर पित्त, ओठ सुजणं, घरघर, बाळ निळसर किंवा एकदम गप्प पडणं, यातलं काही दिसलं तर औषध थांबवा, डॉक्टरांना हाक मारा आणि अ‍ॅड्रिनॅलिन हातात घ्या.

औषधाने त्रास झाल्याची नुसती शंका असली तरी कळवता येतं, सिद्ध करावं लागत नाही. सिस्टर स्वतः फॉर्म भरू शकते. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४. बॅच नंबर लिहून ठेवा आणि बाटली फेकू नका. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडच्या ज्या मुलांना दूषित खोकल्याच्या सिरपने किडनी बंद पडून नागपूरला आणलं होतं, त्यांच्या बाबतीत घरात उरलेली बाटलीच पुरावा ठरणार होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने २ वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि ५ वर्षांखाली ती सहसा टाळावीत, असं सांगितलं.

स्वतःकडून चूक झाली तर पहिलं काम पेशंटपाशी, दुसरं डॉक्टरांना सांगणं. इनचार्ज सिस्टरांनीही त्या क्षणी ओरडू नये ही माझी कळकळीची विनंती आहे. ओरडा खाल्लेली मुलगी पुढची चूक लपवते, आणि लपवलेली चूक बाळाला महागात पडते.

टप्पा १०: घरी पाठवताना

नुसतं सांगून भागत नाही, करून घ्या. आईच्या हातात सिरिंज द्या, बाटली द्या आणि "आता २.४ भरून दाखवा" म्हणा. सिरिंजवर तेवढ्या खुणेला पेनाने रेघ मारा किंवा चिकटपट्टी लावा. घरातला चमचा, बोंडलं, वाटी यांपैकी कशानेही औषध मोजू नका हे आजींनाही सांगा. झिंकची गोळी असेल तर ती आईच्या दुधात किंवा चमचाभर पाण्यात विरघळवून एकदा तिच्याकडून पाजून घ्या. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिग्रॅ, त्यापुढे २० मिग्रॅ, आणि जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण.

बाटलीवर मराठीत लिहा: किती मिली, किती वाजता, कोणत्या तारखेपर्यंत. जुनी बाटली घरी असेल तर ती संपवायची नाही हेही लिहा, कारण नव्या बाटलीची ताकद वेगळी असू शकते. मग आईला विचारा, "रात्री अकराला ताप आला आणि आठला औषध दिलेलं असेल, तर काय कराल?" ती म्हणाली, "ओल्या फडक्याने पुसेन आणि बारापर्यंत, म्हणजे चार तास पूर्ण होईपर्यंत, थांबेन," तर तिला जाऊ द्या. गडबडली तर खुर्ची ओढा आणि पुन्हा पहिल्यापासून समजावा.